साडूची बर्फगाडी

भास्कर,

सोळा वर्षं तुला 'तुम्ही' म्हटलं. तू थोरल्या बहिणीचा नवरा आणि मी धाकटीचा, एवढंच त्याचं कारण. त्याच्यापलीकडे मान द्यावा असं तुझ्यात मला काही दिसलं नव्हतं. आता तू नाहीस, तेव्हा 'तू'च म्हणतो. राग आला तर येऊ दे.

दोन आठवडे तुझ्याबद्दल चांगलं चांगलं ऐकून कान किटले. मासळीबाजारातल्या बायका आल्या, म्हणाल्या, असा माणूस पुन्हा होणे नाही. सरबतवाला नटूभाई डोळे पुसत म्हणाला, "भास्करभाई तो देव माणस हता." देव माणूस! याच नटूभाईला तू भर दुपारी रस्त्यात उभं करून लिंबाचं सरबत कसं करायचं ते शिकवलं होतंस. तो तीस वर्षं सरबत विकत होता. तू त्याला साखरेचं प्रमाण सांगत होतास आणि बर्फाची लादी वितळून त्याच्या चपलेखालून वाहत होती. मी स्वतः पाहिलंय.

असा तू. ज्याला जे येतं तेच त्याला शिकवायचं. आचाऱ्याला डाळ, न्हाव्याला वस्तरा, आणि मला एंजिन. मी मिलमध्ये फिटर. वयाच्या सतराव्या वर्षापासून हातात पाना. आणि तू विणाई खात्यातून भांडून बाहेर पडलेला जॉबर, कामगारांचा मुकादम, ज्यानं आयुष्यात पहिला स्पार्क प्लग पस्तिशीत पाहिला. तरी कुठं काही बोललो की तुझं ठरलेलं, "तुले काय समजस रे फिटर? माले सम्दं माहीत शे."

गेलास तोही असाच, सगळ्यांची गैरसोय करून. मे महिना. दुपारची दुसरी खेप टाकून आलास, बाजेवर बसलास, पाणी मागितलंस. तुझी लीला, आमची जिजी, तांब्या घेऊन येईपर्यंत तू गेलेला. सुरेश भुसावळला रेल्वेत. त्याला तार केली, पण त्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतला पोहोचणार. बापाचं तोंड तरी बघायला मिळालं पाहिजे पोराला. त्या उकाड्यात तुला तोवर ठेवायचं म्हणजे बर्फ हवा. सगळ्या उधन्याला बर्फ पुरवणारा माणूस बाजेवर आडवा, गाडी दारात उभी, आणि ती चालवता येणारा तिथे मी एकटाच.

सहा वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं, या गाडीला माझा हात पुन्हा लागणार नाही. चाळीतले सगळे माझ्याकडे बघत होते. शकू, माझी बायको, तीही बघत होती. मी किक मारली.

पहिल्या किकला सुरू झाली. एका ठेक्यात. मला त्याचासुद्धा राग आला.

बर्फाच्या कारखान्यात मुनीम म्हणाला, "आ फेरे भास्करभाई नथी आव्या?" मी म्हटलं, त्यांच्यासाठीच न्यायचाय. तो समजला नाही. म्हणाला, "कहेजो, चिंता न करे, चार लादी सरस आपीश." चांगल्यातल्या लाद्या निवडून दिल्या त्यानं. चार लाद्या भुशात घातल्या, वर गोणपाट टाकलं आणि तुझा बर्फ तुझ्याच गाडीतून तुझ्यासाठी घेऊन आलो. वाटेत गाडीनं एकदाही मान टाकली नाही. माझ्या हातात ती एवढी शहाण्यासारखी पूर्वी कधी चालली नव्हती.

ती गाडी. गुजरात-महाराष्ट्र वेगळे होऊन चारेक वर्षं झाली होती. मिल सोडून तू घरी बसला होतास आणि एक दिवस मला नवसारीला घेऊन गेलास. "एक वस्तू बघायचीये, फिटर. नुसती बघायचीये." वस्तू म्हणजे एका पाववाल्याची भंगार मोटारसायकल. टू-स्ट्रोक. मागचा भाग कापून त्याला दोन चाकं आणि पत्र्याची पेटी जोडलेली. साखळी मागच्या एकाच चाकाला. कार्बोरेटर दुसऱ्याच कुठल्या तरी मोठ्या गाडीचा, पट्टी मारून बसवलेला. एअर फिल्टर काढून फेकलेला. सायलेन्सर पोकळ केलेला, का तर ताकद वाढते म्हणून.

मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, "भास्करराव, एंजिन एका गावचं आणि कार्बोरेटर दुसऱ्या गावचा. यांचं लग्न लागलेलंच नाही. घेऊ नका."

तू पाववाल्यासमोर मोठ्यानं म्हणालास, "आमचा साडू जरा भित्रा आहे." आणि गाडी घेतलीस.

मग तिचं लग्न लावायचं काम कुणाकडे? भित्र्या साडूकडे. दर रविवारी मी तुझ्या दारात. तुझं काम बर्फाचं, म्हणजे गाडी बंद पडली की नुसता उशीर होत नाही, माल गटारात जातो. पाववाल्याचा पाव दोन तासांनी पावच असतो. तुझी लादी दोन तासांनी पाणी. हे तुला समजत होतं, पण गाडी बंद का पडते ते समजून घ्यायची तयारी नव्हती.

मी तुला किती वेळा समजावलं. कार्बोरेटरात एक पितळी खिळा असतो, करंगळीच्या नखाएवढा. त्याला मधून भोक. तो मेन जेट. एंजिन ओढीला लागलं की पेट्रोल त्या भोकातून जातं. फिल्टर काढला, सायलेन्सर पोकळ केला म्हणजे हवा जास्त येणार, मग पेट्रोलही जास्त लागणार, मग भोक मोठं पाहिजे. आणि टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे पिस्टनला जे तेल मिळतं तेही त्याच भोकातून. भोक बारीक ठेवलं तर पेट्रोल वाचेल, पण पिस्टन उपाशी मरेल. प्लग काढून तुला दाखवला होता. खडूसारखा पांढरा. म्हटलं, "हा पांढरा दिसला की समजायचं, आत आग लागलीय."

तू प्लग उन्हात धरलास, मान हलवलीस आणि म्हणालास, "पांढरा म्हणजे स्वच्छ."

पांढरा म्हणजे स्वच्छ! मी हे वाक्य मिलमध्ये सांगितलं तेव्हा आमच्या खात्यातले लोक पोट धरून हसले होते. तुला ते कधी कळलं नाही. आज कळू दे.

मी तीन जेट आणून लावून बघितले. नव्वदचा, शंभरचा, एकशेदहाचा. एकशेदहावर गाडी पोटभर श्वास घ्यायला लागली, चढ चढायला लागली, प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी निघाला. तुझी तक्रार एकच, पेट्रोल पिते. रोज. चहा पिताना, जेवताना, पाहुण्यांसमोर. "आमच्या फिटरनं गाडीला व्यसन लावलं." आणि पाहुणे हसायचे. माझ्यासमोर.

पिस्टन आधीच खराब झालेला होता, म्हणून सिलिंडर आतून घासून, बोअर मारून, नवा पिस्टन मीच बसवला. त्यानंतर महिना-दीड महिन्यानं ते झालं.

लग्नसराई. कतारगामला एका मोठ्या घरचं लग्न, सहा लाद्यांची मागणी. एवढा माल नीट झाकून न्यायचा म्हणून जिजी बरोबर आली होती, मागे गोणपाटावर बसून. दुपारचं ऊन, भरलेली गाडी, सरळ रस्ता, तू मूठ पूर्ण पिळलेली. एंजिन जागच्या जागी आवळलं. साखळी एकाच चाकाला, ते चाक धरलं गेलं आणि गाडी त्या अंगावर कोसळली. तुला खरचटलं. जिजीच्या डाव्या पावलावर लादी पडली. तीन बोटं काढावी लागली. टाच आजही नीट टेकत नाही तिची.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या अंगणात एंजिन उघडलं. पिस्टनवर ओरखडे, तेलाचा पत्ता नाही. कार्बोरेटर खोलला, जेट काढला. डोक्यावर आकडा माझाच, एकशेदहा. पण भोक माझं नव्हतं. कुणी तरी ते झाळून बंद केलं होतं आणि त्यात नवं, बारीक भोक पाडलं होतं. काय गोल भोक! मी जेट उजेडात धरून बघतच राहिलो. एवढं सफाईचं काम मिलच्या वर्कशॉपातही होत नाही.

तिथंच मला कळायला हवं होतं. तुझी बोटं भेंडीसारखी जाड. तुला साधा जेट हातात धरता येत नव्हता, दर वेळी धुळीत पाडायचास आणि शोधायला जिजी यायची. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त तू होतास.

जेट घेऊन मी इस्पितळात आलो. तू बाहेरच्या ओसरीत बाकड्यावर बसला होतास. मी तो तुझ्या तळहातावर ठेवला.

"हे काय आहे, भास्करराव?"

तू बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं, सबब शोधतोयस.

"जेट शे," म्हणालास.

"भोक कुणी बारीक केलं?"

"मी. मी केलं. मंग?"

"जिजीचा पाय गेला आणि तुम्ही मला 'मंग' विचारता?"

"सांगणार लोकांना? सांग. देखू, कोन ऐकस तुनं."

आणि जेट माझ्या हातात परत कोंबलास. माफी नाही, मान खाली नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या नात्यागोत्यात बातमी फिरली होती. फिटरनं पिस्टन घट्ट बसवला, म्हणून एंजिन धरलं. बोअर मीच मारला होता, पिस्टन मीच घातला होता, तेव्हा गोष्ट पटण्यासारखी होती. खोटं बोलायची तुला कला होती, हे मान्य करतो. तुझ्या बाकी कुठल्याच कलेबद्दल मी असं म्हणणार नाही.

मी का बोललो नाही? जेट खिशात होता. दाखवला असता तर दोन मिनिटांचं काम. पण शकूनं त्या दिवशी घरी मला विचारलं, "खरंच घट्ट बसला होता का हो?" मी तिच्याकडे बघितलं आणि ठरवलं, जिला हे विचारावं लागतं तिला उत्तर द्यायचं नाही. मग जगालाही दिलं नाही. रविवारी लोक माझ्याकडे त्यांच्या मोपेड, स्कूटरी घेऊन यायचे, ते यायचे बंद झाले. चाळीत कुणीतरी म्हणालं, सख्ख्या मेहुणीचा पाय ज्याच्या हातानं गेला त्याच्याकडे गाडी कशी द्यायची. मी ऐकलं आणि पुढे चालू लागलो. तुझ्या दारात हळदीकुंकू असलं की शकूला कोपऱ्यावर सोडायचो आणि परत फिरायचो. तू दारात उभा राहून ओरडायचास, "या की साडूभाऊ, पाणी तरी घ्या!" चार लोकांना ऐकू जाईल असं. निर्लज्ज.

सहा वर्षं मी तुझा तिरस्कार केला. मनापासून केला, रोजच्या रोज केला. सकाळी पांडेसऱ्याला कामावर जाताना तुझी गाडी समोरून आली तरी मी रस्त्याच्या कडेला बघायचो. तुझा तो पोकळ सायलेन्सर अर्ध्या मैलावरून ऐकू यायचा, त्यामुळे मान वळवायला वेळ भरपूर मिळायचा.

तुला पोहोचवून आल्यावर पाचव्या दिवशी जिजीनं मला बोलावलं. गाडी ठेवायची की विकायची ते ठरवायचं होतं, म्हणून म्हणाली, जरा उघडून बघा. मी अंगणात बसलो, कार्बोरेटर काढला. मनात म्हटलं, आता बघू या सर्वज्ञानं काय दिवे लावलेत.

आतून काच. कुठं चिकटा नाही, वाटीत गाळ नाही. प्लग तपकिरी, जसा हवा तसा. जेट काढला. एकशेदहा. खिशातली मापाची तार घातली, बरोबर बसली. नवा जेट होता, पूर्ण भोकाचा.

जिजी उंबऱ्यावर बसली होती, तांदूळ निवडत. मी म्हटलं, "हा कधी घातला?"

"त्याच वर्षी. मुंबईहून मागवला होता."

मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते. "म्हणजे सहा वर्षं माझाच जेट चालवला! बाहेर मला शिव्या आणि आत माझंच माप. एकदा तरी सांगायचं होतं या माणसानं, जिजी, की फिटर, तुझं खरं होतं."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "रामदासभाऊ, तो बारीक जेट त्यांनी केला नव्हता. मी करून आणला होता."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय ते.

जिजी जरीच्या धाग्याचं काम करायची, घरबसल्या रिळं भरायची. बोटं तिची तशीच, केस उचलतील अशी. कार्बोरेटर धुवायचं काम तू तिच्यावरच टाकलं होतंस, हे मला ठाऊक नव्हतं. मला तू सांगायचास, मी स्वतः धुतो. शेजारी छगनकाका राहायचे, जरीची तार ओढायच्या पट्टीला भोकं पाडणारे. केसाएवढी भोकं. जिजीनं जेट त्यांच्याकडे नेला आणि म्हणाली, काका, हे जरा बारीक करून द्या.

"कशासाठी?" मी विचारलं.

"रोजचं ओरडणं ऐकवेना हो. पेट्रोल, पेट्रोल, पेट्रोल. ताटावर बसले की पेट्रोल. मला वाटलं, थोडं कमी जाईल तर निदान जेवण तरी सुखानं होईल."

"मग झालं?"

"झालं ना. महिनाभर सगळ्यांना सांगत होते, बघा, मी युक्तीनं गाडी कमी पेट्रोलवर आणली. मी काही बोलले नाही. खुशीत होते बिचारे."

तूच रे तू! दुसऱ्यानं केलेलं काम, तेही चुकीचं, आणि त्याचंही श्रेय तुझ्या खिशात!

मग तिनं पुढचं सांगितलं. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तिनं तुला हेच सांगितलं. तू म्हणालास, कुणापाशी तोंड उघडायचं नाही. माहेरच्यांना कळलं तर जन्मभर म्हणतील, हातानं आपला पाय तोडून घेतला. तिनं विचारलं, मग विचारलं कुणी तर काय सांगायचं? तू म्हणालास, ते मी बघतो. नंतर तू काय बघितलंस ते कळल्यावर ती रडली. म्हणाली, रामदासभाऊंचं नाव कशाला घेतलं? तर तू म्हणालास, "फिटरचं काय, त्याची कातडी जाड शे."

माझी कातडी जाड!

मी जेट परत बसवला. दोनदा आटे चुकले. म्हणजे ओसरीवर तू सबब शोधत नव्हतास. आदल्या रात्री तिनं तुला सांगितलं होतं आणि सकाळी मी पुरावा घेऊन तुझ्यासमोर उभा. तू 'मी केलं' म्हणालास, कारण तिचं नाव माझ्यापर्यंतसुद्धा पोहोचू द्यायचं नव्हतं. मी तिच्या बहिणीचा नवरा, भास्कर. पोलीस नव्हतो. मला सांगितलं असतंस तर मी काय गावभर दवंडी पिटली असती? एवढीच किंमत केलीस तू माझी?

आणि खरं सांगू, मला यात तुझा मोठेपणा दिसत नाही. बायकोला वाचवायचं होतं तर सगळ्यांसमोर आपलं नाव सांगायचं होतं. मला एकट्याला सांगितलंस, 'मी केलं'. जगाला सांगितलंस, फिटरनं केलं. अर्धंच शूर होतास. पण अर्धं तरी होतास, हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यापासून झोप लागत नाही.

दहाव्याला तापीवरून आलो आणि तुझ्याच घरी पंगत बसली. तुझे थोरले भाऊ दगाजी धुळ्याहून आले होते. खाऊन झाल्यावर ते सुरू झाले. "मना भाऊ वाघ व्हता. पण कुणाच्या तरी हाताला वळण नव्हतं, म्हणून लीलेचा पाय गेला आणि भास्कर आतून खचला." बोलताना माझ्याकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितलं. शकूनं मान खाली घातली. सुरेश बापाच्या फोटोसमोर बसला होता, त्यानंही माझ्याकडे बघितलं.

खिसा चाचपला असता तर तो जुना जेट तिथंच होता. मी म्हटलं, "खरं आहे. पिस्टन घट्ट बसला होता. माझं चुकलं."

का म्हटलं ते मला विचारू नकोस. तुझ्यासाठी नाही म्हटलं.

जिजी वाढायला उभी होती. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं. लंगडत पुढे आली आणि दगाजींसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदरही सावरला नाही.

"हे खोटं बोलतायत," ती म्हणाली. "आणि तुमचे भाऊ पण खोटं बोलले होते. जेट मी बारीक करून आणला. माझा पाय माझ्या हातानं गेला. रामदासभाऊंनी गाडी नीट बांधली होती."

सुरेश म्हणाला, "आई, मग पप्पा इतकी वर्षं..."

"त्यांना खोटं बोलायची सवयच होती," जिजी म्हणाली. "पण हे एक माझ्यासाठी बोलले. आणि त्याचं ओझं या माणसानं वाहिलं. मी बघत राहिले. तेही चुकलंच माझं." मग पातेलं उचललं आणि दगाजींना विचारलं, "कढी वाढू?"

दगाजींनी वाटी पुढे केली. दुसरं काय करणार?

जाताना ते माझ्यापाशी थांबले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण तुमच्या घराण्यात ती पद्धत नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि स्टेशनची वाट धरली.

घरी परतताना शकू रस्त्यात म्हणाली, "सहा वर्षं मला वाटत होतं, तुमचंच चुकलं."

"माहीत आहे."

"मग एकदा तरी सांगायचं होतं."

"तू विचारलंस म्हणून नाही सांगितलं."

ती थांबली. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "तुम्ही आणि भास्करराव एकाच मातीचे. दोघांनाही बोलायचं ते बोलता येत नाही आणि नको ते थांबवता येत नाही." आणि भरभर पुढे निघून गेली. तुझ्याशी माझी बरोबरी! आयुष्यात एवढा अपमान कुणी केला नव्हता. आणि मी तिच्या मागून चालत राहिलो.

गाडी विकायची नाही, असं जिजीनं ठरवलंय. तिचा चुलतभाऊ नंदुरबारहून येतोय चालवायला. कार्बोरेटर तीच बघणार. काल मला म्हणाली, एकदा सगळं समोर बसून नीट सांगा. मी गेलो. सांगायचं काय होतं? मी पाना शोधेपर्यंत तिनं सगळं खोलून फडक्यावर मांडलं होतं.

मधली सुई तिनं उचलली, जी मूठ पिळली की वर जाते. तिच्या डोक्याशी खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. ती दुसऱ्या खाचेत होती. मी म्हटलं, "ही तिसरीत पाहिजे. दुसरीत पेट्रोल कमी जाईल, गाडी कोरडी पडेल."

"उन्हाळ्यात दुसरी, थंडीत तिसरी," जिजी म्हणाली. "ते असंच ठेवायचे."

"कुणी शिकवलं त्यांना हे?"

"कुणी नाही. दोन उन्हाळे बदलून बदलून बघितलं. वहीत लिहायचे."

तू आणि वही! मी म्हटलं, "त्यांना काय समजतंय, द्या इकडे." क्लिप तिसऱ्या खाचेत सरकवली, सगळं जोडलं, किक मारली आणि उधन्याच्या रस्त्यानं पुलापर्यंत जाऊन आलो. मधल्या वेगाला एंजिन घशात अडकल्यासारखं घरघरत होतं, मागे धूर. प्लग काढला. काळा, ओला. परत सगळं उघडलं, क्लिप दुसरीत घातली, पुन्हा पुलापर्यंत गेलो. गाडी लोण्यासारखी.

मे महिन्याची हवा तापून पातळ होते, तिला पेट्रोल कमी लागतं. मिलमध्ये मी नव्या पोरांना हेच शिकवतो. तुझ्या गाडीवर मात्र मला ते सुचलं नाही, कारण ते तू केलं होतंस.

परत आलो तेव्हा जिजी दारात उभी होती. "कुठली ठेवली?" तिनं विचारलं.

"दुसरी," मी म्हटलं. "थंडीत तिसरी करा."

ती आत गेली. मी अंगणात हात पुसत बसून राहिलो. सोळा वर्षांत एकदा तू बरोबर होतास, भास्कर. तू समोर असतास तर मी हे मेलो तरी कबूल केलं नसतं.